मृगाच्या आधी

उन्हाळ्यात रायगडच्या किनाऱ्यावर मुंबईची माणसं समुद्रासाठी येतात. मी इंटर्नशिपला आले आणि सगळा मे महिना लस टोचण्यात गेला. परळच्या आमच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात घटसर्प मी परीक्षेपुरता पाठ केला होता: पाश्चुरेला जंतू, १०५-१०६ अंश ताप, तोंडातून लाळ, गळ्याखाली कडक सूज, श्वासाची घरघर आणि पुष्कळदा चोवीस तासांच्या आत मृत्यू. अलिबाग-मुरूडच्या पट्ट्यात शेतकऱ्याला भीती असते ती त्या चोवीस तासांची. सूज दिसून डॉक्टर पोचेपर्यंत बहुतेक वेळा जनावर हातचं गेलेलं असतं. म्हणून घटसर्पावरचं खरं काम धडधाकट जनावरावरच करावं लागतं.

हा जंतू निरोगी दिसणाऱ्या गुरांच्या घशातही दबा धरून असतो. उन्हाळाभर सुका पेंढा खाऊन गुरं उतरलेली असतात, पहिल्या पावसात भिजतात आणि लगेच नांगराला जुंपली जातात. तेवढं त्याला पुरतं. लस टोचल्यावर अंगात प्रतिकारशक्ती यायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि मृग ७-८ जूनला लागतो. मागे मोजत गेलं की मेचा मध्य हीच शेवटची वेळ. भाताचा हा जिल्हा. नांगरणीच्या तोंडावर जोडीतला एक बैल गेला तर दुसरा बसून राहतो आणि घरधन्याला दुसऱ्याच्या दारात जावं लागतं.

उन्हं चढायच्या आत आम्ही रेवदंड्याची खाडी ओलांडून वाड्यांवर जायचो. राब भाजून शेतं काळी पडलेली असायची. लसीच्या डब्यात बाटली आणि बर्फ यांच्यामध्ये कापडाची घडी ठेवायला पशुधन पर्यवेक्षकांनी शिकवलं. ही लस २ ते ८ अंशांत ठेवायची. बाटली बर्फाला टेकून गोठली की फुकट. तेलातली लस दाट असते. बाटली हलवून घ्यायची, जाड सुई लावायची, मानेच्या स्नायूत खोल टोचायची आणि दट्ट्या अंगठ्याने दाबत राहायचा. मालक वेसण धरतो, बैल कातडी थरथरवतो, एक पाय आपटतो. मी आधी तळहात मानेवर ठेवायची. हात ओळखीचा झाला की मग सुई. हे कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं.

खरी अडचण माणसांना पटवण्याची होती. एका काकींनी म्हैस सोडायलाच नकार दिला. "बाय, आता टोचशील नि दूध आटल, मग मी रतीब कुठून घालू?" दूध एक-दोन दिवस कमी होऊ शकतं, टोचल्या जागी गाठही येऊ शकते, हे मी लपवलं नाही. नुसतं "काही होत नाही" म्हणून टोचून निघून जाणारे पुढच्या वर्षी त्या दारात उभे राहू शकत नाहीत, असं मला मनापासून वाटतं. काकींनी शेवटी म्हैस आणली.

तिथल्याच एका आजोबांनी मात्र स्वतःहून चार गुरं बांधून ठेवली होती. त्यांच्या लहानपणी बुळकांडीने त्यांचा गोठा एका पंधरवड्यात रिकामा झाला होता. तो रोग मी कधी पाहिला नाही, आणि पाहणारही नाही. गावोगाव लस टोचूनच तो हटला; २०११ मध्ये तो जगातून गेल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून पुसलेला हा दुसराच रोग. पशुवैद्यकाच्या इतिहासात याहून मोठं काम मला माहीत नाही, आणि ते अशाच गोठ्यांमधून झालं. मी हे सांगितलं तेव्हा आजोबा म्हणाले, "मग हा घटसर्प का जात नाही?"

त्याचं कारण त्या जंतूतच आहे. बुळकांडीतून वाचलेलं जनावर विषाणू बाळगत नसे आणि एकदा टोचलं की जन्मभराचं संरक्षण मिळे. घटसर्पाचा जंतू निरोगी घशात राहतो, आणि लसीचा जोर सहा महिने ते वर्षभर टिकतो. म्हणजे दर उन्हाळ्यात कुणीतरी यायलाच हवं. शिकाऊ डॉक्टरांना किनाऱ्यावर पाठवायचंच असेल तर मे महिन्यात पाठवावं.

आजोबांच्या कालवडीला अजून सहा महिने झाले नव्हते, म्हणून ती राहिली. तिची तारीख मी त्यांच्या कॅलेंडरवर लिहून दिली, आणि लाळ-खुरकुताची लस पावसानंतर येईल तेव्हा चारही गुरं तयार ठेवा, असं सांगितलं. "भात कापायच्या आधी ये," ते म्हणाले, "मग बैल मोकळे नसतात."