पुलगावच्या वाटेवरचं गणित

यवतमाळहून बाभूळगाव, धामणगाव करत वर्धा नदी ओलांडली की पुलगाव लागतं. इथं आपल्या सैन्याचं केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. आत जाता येत नाही. पण बाहेरून जाताना एक गणित सोडवा बरं!

इन्सास रायफलचं एक काडतूस साधारण १२ ग्रॅमचं. एका मॅगझीनमध्ये २० काडतुसं. समजा, जवानानं पाच मॅगझीन घेतली, तर नुसत्या १०० काडतुसांचंच वजन जवळजवळ सव्वा किलो! शिवाय चार किलोंची रायफल, पाणी, हेल्मेट. जास्त घ्यावीत तर चढावर दम लागतो, कमी घ्यावीत तर ऐन लढाईत संपतात. म्हणून एकेक गोळी जपून झाडायची.

ती सांभाळणंही सोपं नाही. ३१ मे २०१६ रोजी इथं भीषण आग लागली. ती विझवताना जवान आणि अग्निशमन कर्मचारी प्राणांना मुकले. पुलगाववरून जाल, तेव्हा त्यांनाही आठवा हं!