तळ्याच्या तळाशी

समुद्र पाहतच वाढलेल्या आम्हां गोवेकरांना तळे म्हणजे तशी किरकोळ गोष्ट. मयेच्या तळ्यात बोटीची एक फेरी मारली की संपले! भोपाळच्या बड्या तालाबाच्या काठावर उभे राहिले की ही मिजास टिकत नाही. अकराव्या शतकात राजा भोजाने बांध घालून अडवलेले हे पाणी सुमारे ३१ चौरस किलोमीटर पसरले आहे. खोली मात्र फार नाही, भरल्या तलावातही दहा-अकरा मीटर.

पण तळ्याची खोली मीटरांत मोजून भागत नाही. आपल्या ग्रांदे बेटापाशी बुडी मारणाऱ्याला पाणी वरपासून खालपर्यंत बहुधा सारखेच कोमट लागते. लाटा आणि भरती-ओहोटी ते घुसळत असतात. तळ्याला हे घुसळणे नाही. उन्हाळ्यात वरचे पाणी तापते, हलके होते आणि खालच्या गार, जड पाण्यावर सायीसारखे पसरून राहते. खाली उतरणाऱ्याला एका हाताच्या अंतरात अंगावर काटा येतो. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने अंगातली ऊब ओढून घेते, म्हणून ते चार-पाच अंशही झोंबतात. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके; त्यामुळे समुद्रात कमरेला बांधतो तेवढे शिसे इथे जास्तच होते. आणि पाय तळाला लागला, की गाळ उठतो. मग विजेरी असून नसून सारखीच. हातांनी चाचपडायचे.

तळाशी कोंडलेल्या त्या थराला हवा मिळत नाही. कुजणारा पाला, निर्माल्य उरलासुरला प्राणवायू खाऊन टाकतात. शेजारच्या छोट्या तालाबात, जो १७९४ साली बांधला गेला, पाण्यात हवा मिसळावी म्हणून तरंगती कारंजी बसवली होती. पर्यटकांना ती शोभा वाटते, आहे तो उपचार!

याच छोट्या तालाबात, खटलापुरा घाटावर, १३ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे गणेश विसर्जनाच्या वेळी होड्या उलटल्या. दोन होड्या एकमेकींना जोडून त्यांवर भलीमोठी मूर्ती चढवली होती. मूर्ती कलली, होड्या कलल्या. अकरा तरुण गेले. अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. सप्टेंबरात पाणी गार नसते आणि काठही दूर नव्हता. पाणबुड्यांनी एकेकाला वर काढले तेव्हा उजाडले होते.

ही बातमी मी वाचली तेव्हा आमच्याकडची चवथ नुकतीच आटोपली होती. आमचा गणपती हातभर उंचीचा. घरातला एक माणूस छातीभर पाण्यात उतरतो, तीन वेळा बुडवतो आणि रिकामा पाट डोक्यावर धरून वर येतो. काठावर बायका त्याचे केस पुसायला पंचा घेऊन उभ्याच असतात. पण हल्ली आमच्याकडेही सार्वजनिक मूर्ती दरवर्षी वीतभर उंच होते आहे, आणि ती न्यायला होडीच लागते.