आईचे गुडघे

गेली वीस वर्षे मी कॉलेजात मराठी शिकवते. एकेका शब्दाच्या चार-चार छटा मुलांना उलगडून सांगते. पण माझ्याच घरात एक वाक्य बोलायला आईला बारा वर्षे लागली.

आई दर फाल्गुनात नाथषष्ठीला पैठणला जायची. आमच्या छत्रपती संभाजीनगराहून पैठण ते किती लांब? अवघे पन्नास किलोमीटर! एका वर्षी म्हणाली, "गुडघे दुखतात गं." पुढे लग्नकार्येही सुटली. खोकला आला की ती पाय आवळून उभी राहायची. हे सारे मला दिसत होते. विचारावेसे मात्र कधी वाटले नाही.

गेल्या दिवाळीत करंज्या करताना कुणीतरी थट्टा केली. आम्ही पोट धरून हसलो आणि आई लगबगीने आत गेली. मी मागोमाग गेले. खाली बघत ती पुटपुटली, "माझं अंग बाहेर येतं. हसलं-शिंकलं तरी लुगडं भिजतं."

दुसऱ्याच आठवड्यात तिला स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे नेले. त्या म्हणाल्या, "आजी, ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय तिच्या आधारावर. बाळंतपणं, वय, जुना खोकला, बद्धकोष्ठ, यांनी ती सैल पडते. यात लाजायचं काय?" त्यांनी आधाराला सिलिकॉनची रिंग बसवली. व्यायामही शिकवला: लघवी रोखताना आवळतो तसे स्नायू आवळायचे, थोडे धरायचे, सोडायचे, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. डॉ. आर्नल्ड केगल या अमेरिकन डॉक्टरांनी १९४८ साली हा व्यायाम पुढे आणला. एवढ्याने भागले नाही, तर शस्त्रक्रिया आहेच.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची पाहणी केली होती. १९८९ साली ती प्रसिद्ध झाली. शंभरातल्या ९२ जणींना काही ना काही स्त्रीरोग होता. आधी कधी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या आठ! ते वाचून मी हळहळले होते, 'बिचाऱ्या खेड्यातल्या बाया!' आणि माझ्या एम. ए. झालेल्या घरात आई गुडघ्यांचे नाव सांगत होती.

या फाल्गुनात ती पैठणला जाऊन आली. मी विचारले, "गुडघे कसे आहेत?"

"गुडघ्यांना काय झालंय?" आई म्हणाली, आणि खळखळून हसली.