पांझरेकाठचे फड



फड म्हटले की तुम्हाला कुस्तीचा नाहीतर तमाशाचा फड आठवेल. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी मात्र फड म्हणजे पाटाखालच्या जमिनीचा पट्टा. कधी या बाजूला आलात तर हे फड जरूर पाहा.

साक्री तालुक्यातल्या डोंगरातून निघालेली पांझरा धुळे शहरातून पुढे तापीला मिळते. तिच्या पात्रात जागोजागी जुने दगडी बंधारे आहेत. ही पद्धत तीन-चारशे वर्षांची. बंधाऱ्याने पाणी अडवायचे, पाटाने उताराउताराने न्यायचे, चाऱ्यांनी शेतात सोडायचे. इंजिन नाही, विजेची मोटार नाही.

पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड पाडलेले असतात. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे. यंदा इथे ऊस, तिथे भुसार, एखादा फड विसाव्याला, पुढे फेरपालट. नदीचे पाणी पाहून किती फड भिजवायचे, हे गावची पंचमंडळी ठरवीत. पाणी पाजायला पाटकरी, पिकाच्या राखणीला जागल्या. त्यांची मजुरी पूर्वी धान्यात मिळे.

यातली खुबी नीट समजून घ्या. समजा, तुमची तीन फडांत एकेक एकर जमीन आहे आणि शेजाऱ्याचीही तशीच. पाणी कमी झाले, दोनच फड भिजणार. मग तुमचे दोन एकर भिजतील, त्याचेही दोनच. पाटाच्या तोंडाशी असलेल्याचे सगळे हिरवे आणि शेपटाकडच्याचे सगळे वाळलेले, असे होत नाही. तूट आली तरी ती सारखी वाटली जाते.

नुसत्या नफ्याचा हिशेब केला, तर तोंडावरच्या माणसाने बारमाही ऊस लावणे फायद्याचे. पण मग खालचा घरचे धान्य विकत आणील, आणि वरच्याची जमीन पाणी पिऊन पिऊन चोपण होईल. फेरपालटीने जमिनीचा कस टिकतो, विसाव्याने ती मोकळी होते. हे लाभ बाजारपट्टीत छापून येत नाहीत.

आता वरच्या अंगाला धरणे झाली, शेतोशेती विहिरी आणि बोअर झाले. काही ठिकाणी फड अजून चालतात, पुष्कळ ठिकाणी मोडले. ज्याच्या शेतात स्वतःचे पाणी आले, त्याला बैठकीला येण्याची गरज वाटेनाशी झाली. बंधाऱ्याचा दगड निखळला तर गवंडी बसवून देईल. बैठक एकदा मोडली की पुन्हा भरवणे फार अवघड.

तुमच्या गावात बंधारा नसेल, पण विहिरींखालचे पाणी एकच आहे. पावसाळा सरला की चार शेजारी बसा, विहिरींची पातळी मोजा, आणि रब्बीत काय पेरायचे ते मिळून ठरवा. फडाची सुरुवातही अशाच बैठकीने होते.