दिवे घाट, पताका आणि १/१०००

लँडस्केप म्हटलं की लोक आधी ट्रायपॉड काढतात. डोंगर कुठे पळून जातोय! पण आम्हा हडपसरकरांच्या जवळचं सगळ्यात भारी लँडस्केप चालत असतं. आषाढी वारीत पुण्याचा मुक्काम हलला की दोन्ही पालख्या हडपसरला येतात. तुकोबांची लोणी काळभोरकडे जाते, माउलींची दिवे घाट चढून सासवडला. घाटाच्या वळणांवरून सरकणारी ती रांग, खाली मस्तानी तलाव... ही फ्रेम वर्षातून एकदाच.

आता थोडं गणित (इंजिनिअरची खोड, चालवून घ्या). माणूस सेकंदाला साधारण सव्वा मीटर चालतो. १/१२५ ला तो जेमतेम एक सेंटिमीटर सरकतो. दोनशे मीटरवरून वाइड लेन्समध्ये ते कळतही नाही. पण तीन मीटरवर, फ्रेमच्या कोपऱ्यात, एक पताका फडफडत असते! तिचं टोक सेकंदाला दोन मीटर हललं तरी १/१२५ ला दीड सेंटिमीटरचा फराटा. १/१००० ला फक्त दोन मिलिमीटर. म्हणजे स्पीड ठरवायचा तो पताकेवरून, रांगेवरून नाही. ट्रायपॉड कॅमेरा धरतो, वारा नाही.

ढगाळ उजेडात एफ/८, आयएसओ २०० ला १/१२५ मिळत असेल, तर १/१००० साठी आयएसओ १६००. येईल थोडा नॉइज, येऊ दे. अ‍ॅपर्चर उघडून वेग मिळवायच्या मी विरोधात आहे. पताका शार्प आणि घाट धूसर, मग तिथवर गेलोच कशाला?

जवळून टाळ वाजवणारे हात टिपताना मात्र मी १/३० वर येतो. गोठवले की ते टाळ नुसते हातात धरल्यासारखे दिसतात.