घरात साथ आली तेव्हाची रजा

साठच्या दशकात आम्ही लालबागच्या चाळीत राहायचो. धाकट्याला घटसर्प झाला आणि त्याला चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयात हलवलं. पाठोपाठ महापालिकेची माणसं येऊन खोली फवारून गेली. टपाल खात्यात कारकून असलेल्या माझ्या वडिलांना, अण्णांना, कचेरीचा निरोप आला : घरात संसर्ग आहे, कामावर येऊ नका.

त्या निरोपाची धास्ती कुणी घेतली नाही. केंद्र सरकारच्या नियमांत तेव्हा ‘क्वारंटाइन लीव्ह’ होती. घरात देवी, पटकी, प्लेग, घटसर्प असं काही निघालं की आरोग्य अधिकाऱ्याच्या दाखल्यावर २१ दिवस, फारच गरज पडली तर ३० दिवस ती मिळे. शिल्लक रजेतून ती वजा होत नसे, पगारही कापला जात नसे. घरी थांबणारा माणूस शेजाऱ्यांना आणि सहकाऱ्यांना जपतो, याची सरकारदरबारी नोंद होती. आईच्या रुग्णालयात खेपा चालत. अण्णा स्टोव्हवर पिठलं-भात शिजवत, ताईच्या वेण्या घालत. शेजारणी उंबऱ्याशी दूध ठेवून जात. काळजी धाकट्याची होती, नोकरीची नव्हती.

पण हे सुख भिंतीपलीकडे नव्हतं. शेजारचे काका गिरणीत बदली कामगार. त्यांच्या मुलीला गोवर आला, दाराला कडुलिंबाचा डहाळा लागला, तरी काका पाळी धरायला गिरणीच्या फाटकावर हजर. ते नाही गेले तर काम दुसऱ्याला मिळायचं.

१९७५ नंतर देशात देवीचा रुग्ण सापडला नाही. हळूहळू त्या रजेचाही विसर पडला.

मग कोविडचं २०२० आलं. शाळा बंद, पाळणाघरं बंद. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली होती, ५० किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक झाली होती. अण्णांच्या काळात हे स्वप्नातही नव्हतं. पण पाळणाघरालाच कुलूप लागलं तर मूल कुणी सांभाळायचं, याचं उत्तर त्यात नव्हतं. कामगार मंत्रालयाने मार्चमध्ये मालकांना नोकऱ्या आणि पगार कापू नका म्हणून सांगितलं. ती विनंती होती. पूर्ण वेतनाचा गृह मंत्रालयाचा आदेश मे महिन्यातच मागे घेतला गेला. जून २०२१ मध्ये केंद्राने आपल्या कर्मचाऱ्यांना, आईवडील किंवा अवलंबून असलेलं कुणी बाधित झालं तर, १५ दिवसांची विशेष नैमित्तिक रजा दिली. माझी लेक खाजगी कंपनीत. नातू तापाने फणफणलेला असताना तिला बिनपगारी रजेचा अर्ज भरावा लागला. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना तर अर्ज करायलाही जागा नव्हती. साठ वर्षांनंतरही ती भिंत उभीच होती.

ती पाडण्याची वाट आपल्याच कायद्यात आहे. राज्य कामगार विमा योजनेत कामगार स्वतः आजारी पडला तर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत आजारपणाचा भत्ता मिळतो, आणि त्या काळात मालकाला त्याला काढता येत नाही. साथीत मूल आजारी पडलं, किंवा सरकारी आदेशाने शाळा बंद झाली, तर आईला आणि बापालाही हेच संरक्षण मिळालं पाहिजे. घरकामगार आणि रोजंदारीवरचे त्यात आले पाहिजेत. घरी थांबा, असा हुकूम सरकार देतं, तेव्हा थांबणाऱ्याची नोकरी राखणं हेही सरकारचंच काम आहे. अण्णांच्या कचेरीला हे कळत होतं. आता ते साऱ्या देशाच्या कायद्यात लिहिलं जावं.