एकाच ठोकळ्यातली सकाळ

लाकडावर कोरून चित्रं छापायला लागल्यापासून एक प्रश्न मला, अगदी घरातूनही, ऐकावा लागतो: ‘यात आपलं काय?’ तेव्हा मला हिरोशी योशिदा (१८७६–१९५०) आठवतो.

तो शिकला पाश्चात्त्य धर्तीचं तैलचित्रण. छापचित्रांकडे वळला चाळिशी ओलांडल्यावर. जपानी परंपरेत चित्रकार रेखाटायचा. कोरणारा, छापणारा आणि प्रकाशक वेगळे असायचे. योशिदाने कोरणं-छापणं शिकून घेतलं, स्वतःची कार्यशाळा काढली. १९२६च्या शिडाच्या होड्यांच्या मालिकेत त्याच ठोकळ्यांवर रंग बदलून त्याने सकाळ, धुकं, रात्र छापली. बदलत्या प्रकाशाचा हा ध्यास युरोपीय चित्रकारांचा. कागद, जलरंग आणि हाताने घासायचं बारेन मात्र जपानी.

भारत फिरून गेल्यावर त्याने ताजमहाल छापला, तसं अजिंठा-वेरूळही. ते पाहताना ‘यात त्याचं काय?’ असं माझ्या मनात येत नाही. त्या दगडावरचं ऊन त्याने पाहिलंय, एवढं पुरतं.

सध्या मी आमच्या गल्लीतला पाऊस कोरतेय. चांगलं बारेन परवडत नाही, म्हणून कागदावर लाकडी डावाची पाठ घासते. निळा अजून हवा तसा उतरत नाही.